अडसर बाहेरून काहून?

गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यात, मेन रोडपासून जरा आत, माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, लग्नपत्रिका, अन् दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांची हँडबिलं. गावच्या मंडळाच्या नाटकाला विंगेत बसून प्रॉम्प्टिंगही बरीच वर्षं केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण खाली बसून बोलायच्या, फाशांच्या खेळाच्या ज्या चोपड्यांबद्दल लिहिलं आहे त्यांना मार्क दिलेत ते प्रॉम्प्टरने आणि छापणाऱ्याने. चित्रं किती भारी, गोष्ट किती अद्भुत, हे माझ्याकडे दुसऱ्या नंबरला.

भाचा नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. मागच्या रोवणीच्या दिवसांत गावी आला तो मोबाईलमध्ये पीडीएफ घेऊनच. "मामा, याच्या प्रिंटा काढून दे." मी म्हटलं, पानाचे दोन रुपये. तो म्हणाला, आधी खेळायला बस, मग देतो. पैसे अजून यायचे आहेत.

खेळ असा. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. सूत्रधार सांगतो, समोर पायऱ्या आहेत, खाली अंधार आहे, ओल्या मातीचा वास येतो आहे. तुम्ही सांगायचं, आम्ही काय करतो. खरंच शंका असेल तिथे फासा टाकायचा. हे सगळं सुरू झालं 1974 साली, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पहिली आवृत्ती म्हणजे खोक्यात तीन लहान पुस्तिका. पुढे खेळ फुगत गेला, पुस्तकं जाडी झाली, पात्रं मरेनाशी झाली. ज्यांना जुनंच वळण आवडायचं त्यांची पंचाईत. 2000 साली विझर्ड्स ऑफ द कोस्टने, म्हणजे तोवर खेळाची मालक झालेल्या कंपनीने, ओपन गेम लायसन्स, म्हणजे नियम इतरांनाही वापरू देणारा परवाना, आणलं आणि त्याचा आधार घेऊन लोकांनी जुने नियम आपल्या शब्दांत नव्याने लिहून काढले. 2006 चं 'ऑस्रिक' त्यातलं सुरुवातीचं. एकदा नियम मोकळे झाल्यावर त्यांच्यासाठी भुयारं, गावं, जंगलं लिहिणारे एकट्यादुकट्याचे प्रकाशक उगवले. एक लिहितो, एक चित्र काढतो, कधी दोघं एकच. माझ्या दुकानापेक्षा फार मोठा पसारा नसतो त्यांचा. म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, आणि म्हणूनच चूक दिसली की रागही जास्त येतो.

आमची मंडळी पाच. मी सूत्रधार. भाचा. जिल्हा परिषद शाळेतले गणिताचे गुरुजी. अंगणवाडीत काम करणाऱ्या आमच्या वहिनी, ज्या फक्त ऐकायला म्हणून आल्या आणि आता सगळ्यांत जास्त त्याच बोलतात. अन् एक ट्रॅक्टरवाला भाऊ. याला वाचायचा कंटाळा, पण कोणत्याही यंत्रात नेमका बिघाड कुठे आहे हे त्याला आवाजावरून कळतं. पुढे कामी येणार आहे हे.

पहिली चोपडी, खरं तर पुस्तकच, 'बेसिक फँटसी'. ख्रिस गॉनरमन नावाच्या माणसाने उभं केलेलं, आणि आता जगभरचे हौशी लोक फुकटात त्यात भर घालतात. पीडीएफला एक पैसा लागत नाही, छापील प्रतही जवळपास छपाईच्या खर्चात देतात. पण माझे डोळे चमकले ते दुसऱ्याच गोष्टीला: पीडीएफबरोबर हे लोक मूळ फाईलसुद्धा देतात. ओडीटी, लिब्रे ऑफिसमध्ये उघडणारी. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पत्रिकेची ओपन फाईल मागायला लागलं की आपण इकडेतिकडे बघतो. अन् इथे हा माणूस अख्ख्या खेळाची ओपन फाईल वाटतो आहे! 2023 च्या जानेवारीत त्या ओपन गेम लायसन्समध्ये बदल होणार म्हणून जगभर गदारोळ झाला. महिन्याच्या अखेरीस कंपनीने आपल्या तेव्हाच्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली सोडले. बेसिक फँटसीवाल्यांनी तोवर जुन्या लायसन्सवरच्या ओळी काढून पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं होतं. चौथी आवृत्ती त्यातूनच आली, तीही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. म्हणजे आपण मराठी केली, बदलली, छापली तरी चालतं; फक्त मूळ नाव लिहायचं आणि आपलंही तसंच मोकळं ठेवायचं.

याच लोकांचं 'मॉर्गन्सफोर्ट' फुकट आहे. एक किल्ला, आणि त्याच्या आसपास फिरून उतरायला तळघरं-गुहा. साधं लिखाण, वरण-भातासारखं. नवीन सूत्रधाराला पोटभर पुरतं. मिरची ज्याची त्याने लावून घ्यावी. आम्ही चार बैठका त्यात काढल्या, तक्रार नाही. पण त्यातली एकही खोली आज मला डोळ्यासमोर आणून दाखव म्हणाल तर जमणार नाही.

डोळ्यासमोर आहे ती दुसरी चोपडी. 'टूम ऑफ द सर्पंट किंग्ज', म्हणजे सर्पराजांची समाधी. स्केर्पल्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाची. हीही फुकट मिळते. ही मुद्दाम नवशिक्यांना शिकवण्यासाठी लिहिली आहे, आणि प्रत्येक जागी बाजूला लिहिलेलं असतं की या खोलीतून खेळणाऱ्यांना कोणता धडा मिळावा. आधी मला हे शाळेतल्या 'यावरून आपण काय शिकलो' सारखं वाटलं. खेळवल्यावर मत बदललं, कारण धडा सूत्रधाराला सांगितलेला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्याला तो आपल्या कातडीवर घ्यायचा असतो.

सुरुवातीला मातीचे पोकळ पुतळे आहेत, सर्पमानवांचे. फोडले तर आत सोनं, आणि सोन्याबरोबर विषारी धूर. गुरुजींनी पहिला पुतळा काठीने फोडला, खोकत बाहेर आले. दुसऱ्या पुतळ्याला तोंडाला ओला गमछा बांधून फोडला. पुस्तकात गमछाचा नियम नाही. मी म्हटलं, ठीक आहे, धूर अर्धाच लागतो. झाला नियम.

मग ते दार. दाराला आडवा जड अडसर, दोन माणसांशिवाय उचलत नाही असा. भाचा आणि गुरुजी पुढे सरसावले. मी फासे हातात घेतले. तेवढ्यात ट्रॅक्टरवाला म्हणाला, "थांबा बे. हा अडसर बाहेरून काहून हाय?"

कुणी काही बोललं नाही. बाहेर पाऊस चालू होता.

"मानूस दार आतून लावते. बाहेरून लावलं म्हंजे आतलं बाहेर येऊ नये म्हनून. अन् जो एवढा भारी अडसर ठेवते, तो उचलनाऱ्याचाही इचार करूनच ठेवते."

त्याने मला विचारलं, अडसर कशावर टेकला आहे? मी पुस्तकात बघून सांगितलं, लोखंडी खुंट्यांवर. खुंट्या भिंतीत पक्क्या आहेत की खालीवर होतात? आता हे बघायला त्याने जवळ जाऊन, हात न लावता, कंदील धरला. मी सांगितलं, खुंटीच्या भोवती खाच आहे, थोडी हालचाल असावी असं वाटतं. तो हसला. "वजन उतरलं का खुंटी वर येते, अन् काहीतरी सुटते. ट्रॉलीच्या लॉकवानी." मग सगळे मागे सरले, दोर बांधला, आणि लांबून ओढून अडसर खाली पाडला. छतातून दगडी हातोडा झुलत आला आणि रिकाम्या हवेत गेला. एकही फासा पडला नाही. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

यात लेखकाची करामत काय, तर पुस्तकात फक्त यंत्र लिहिलं आहे: काय उचललं की काय सुटतं. त्यातून सुटायचं कसं, हे नाही. 'इतके पडले तर सापळा सापडला' एवढंच लिहिलं असतं तर ट्रॅक्टरवाला भाऊ पुन्हा आला नसता. पुढे त्या समाधीत काय आहे ते सांगत नाही. दोन पात्रं गेली, त्यातलं एक वहिनींचं, आणि त्याला आम्ही रीतसर तेरवी घातली, चहा-पोह्यांची.

फाशांचं एक मध्येच सांगतो. चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागतात, आणि ऑनलाइन मागवलेले यायला वेळ लागला. कुरिअरचं नाव घेत नाही, पण पाकीट आलं तेव्हा ते नदीतून काढल्यासारखं होतं. तोवर वहिनी म्हणाल्या, अष्टाचंगासारखे चिंचोके टाकू, चार फोडलेले, जितके पांढरे पडतील तितके. गुरुजींनी पाटीवर लगेच मांडून दाखवलं: चार चिंचोक्यांच्या सोळा शक्यता, त्यात दोन पडायच्या सहा आणि चार पडायची फक्त एक. चार बाजूंच्या फाशावर मात्र प्रत्येक आकड्याला सारखी संधी. म्हणजे खेळातल्या सुरीचा घाव चिंचोके टाकून मोजला तर जखम बहुतेक वेळा मधलीच होणार. वर शून्यही पडू शकतं, ते वेगळंच. वहिनींना ते जास्त खरं वाटलं. आम्ही आजही सुरीला चिंचोकेच टाकतो.

तिसरी चोपडी पैसे देऊन घेतली: 'द होल इन द ओक'. गॅव्हिन नॉर्मन, नेक्रॉटिक नोम नावाचं त्याचं प्रकाशन. 2019 मध्ये त्यांनी 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' काढलं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच 1981 च्या बेसिक आणि एक्स्पर्ट या दोन जुन्या संचांचे नियम, तेच, पण मांडणी नवी. मूळ नियमांची छोटी आवृत्ती फुकट आहे, आधी ती बघा. 'होल इन द ओक' म्हणजे जुन्या ओक झाडाच्या ढोलीतून खाली उतरणारं भुयार. मुळांनी भरलेल्या वाटा, एका जादूगाराच्या जुन्या खोल्या, आणि जमिनीखालच्या नदीकाठी कधीकाळी सरड्यांच्या पंथाने बांधलेली मंदिरं. आमच्याकडे ओक कुठला? मी मोहाचं झाड केलं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही, उलट पहाटे मोह वेचायला गेलेला माणूस ढोलीत पडला अशी सुरुवात आयती मिळाली.

आता मी प्रॉम्प्टर म्हणून बोलतो. झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं, नट चार मंडळांत कामं करतात, आणि विंगेतला माणूस चुकला तर रंगमंचावर राजा मुका होतो. प्रॉम्प्टरला संहिता वाचायची नसते, *सापडायची* असते. नट थांबला की अर्ध्या श्वासात डोळा बरोबर ओळीवर गेला पाहिजे. म्हणून आम्ही संहितेत लाल पेनने खुणा करायचो, प्रवेशाचा पहिला शब्द जाड करायचो. नॉर्मनच्या चोपडीत ही लाल खूण आधीच छापलेली आहे. खोलीत शिरल्यावर जे दिसतं ते दोन-तीन जाड शब्दांत, आणि प्रत्येकापुढे कंसात बारकावा. समजा माझ्या पद्धतीने लिहायचं तर असं होईल:

लाकडी दार (खालून फुगलेलं, अर्धवट उघडं). रांजण (तीन, एक उलटा). वास (आंबलेल्या मोहाचा).

बस. दार म्हणालात, खेळणारा म्हणाला दाराकडे बघतो, मग कंस उघडायचा. रांजण उलटा केला तर काय, ते खाली वेगळ्या ओळीत. एका रात्री मध्येच लाईट गेली. मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून मी पुढच्या तीन खोल्या चालवल्या, एकदाही 'थांबा, बघतो' म्हणालो नाही. बाहेर आमची लाईट गेलेली आणि खेळात यांची मशाल संपत आलेली. या नियमांत मशाल सहा फेऱ्या टिकते, एक फेरी दहा मिनिटांची, म्हणजे बरोबर एक तास. दर दोन फेऱ्यांनी सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक पडला की भटकत आलेलं काहीतरी समोर उभं. गुरुजी वहीत रेघा मारत होते. चौथ्या रेघेला सगळ्यांनी आवाज खाली आणला, आपोआप.

आणखी दोन नियम, ज्यांच्यामुळे ही जुनी पद्धत आमच्या लोकांना पटली. एक म्हणजे अनुभवाचे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या धनाचे, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. मारामारीचे अगदीच चिल्लर. त्यामुळे कुणी शहाणा माणूस भांडणाच्या वाटेला जात नाही. दुसरा, समोरचा राक्षस लगेच हल्ला करतोच असं नाही. दोन फासे टाकून त्याचा मूड बघायचा, आणि लढाई उलटली तर पुन्हा दोन फासे, तो पळतो का बघायला. वहिनींनी एकदा पहारेकऱ्यांना खर्रा खाऊ घालून वाट काढली. पुस्तकात खर्रा नाही हे वेगळं सांगायला नको.

छपाईच्या बाजूने. या लोकांचे नकाशे पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांचे असतात. डायसन लोगोस या नावाने नकाशे काढणारा एक जण आहे, भिंतीच्या बाहेर आडव्यातिडव्या बारीक रेघांची नक्षी भरतो, आणि कित्येक नकाशे धंद्यासाठीसुद्धा मोफत वापरू देतो. त्या रेघा माझ्या जुन्या मशीनवर, टोनर संपत आलेला असतानाही, स्वच्छ येतात. ए-फोर कागद आडवा, दोन्ही बाजूंनी, मध्ये घडी, दोन पिना. पानं चारच्या पटीत असली की काम सोपं. माझ्याकडच्या फुकट पीडीएफ मी खेळणाऱ्यांना कागदाच्या खर्चात देतो. विकतच्या पीडीएफची एकच प्रत, माझी. "भाऊ, अजून एक मारून दे" म्हणणाऱ्याला मी म्हणतो, तुझ्या भावाच्या नाटकाची संहिता असंच कुणी मारली तर? गप्प बसतो.

आणि एक चोपडी अशीही होती. नाव घेत नाही, लेखक चांगला माणूस असेल. प्रत्येक पानाच्या मागे दगडासारखं करडं टेक्स्चर, त्यावर करडी अक्षरं. दहा पानांत टोनर रिकामा, आणि वाचायला चष्मा काढून पुन्हा लावावा लागला. पहिल्या खोलीत मोठ्याने वाचायचं दीड पान वर्णन, राजदरबाराचं. चौथ्या वाक्याला ट्रॅक्टरवाला भाऊ बाहेर जाऊन बिडी पेटवून आला आणि परत आला तेव्हा मी अजून पडद्यांच्या झालरीवरच होतो. वरून मजकुरात चौदा नंबरची खोली, नकाशात चौदा नाहीच. तेरा, मग पंधरा. त्या रात्री खेळणाऱ्यांनी नेमकी तीच वाट धरली. मी किती शिव्या दिल्या ते भाच्याला विचारा.

'केर्न' हे नियमांचं पुस्तक राहिलंच. यॉकाय गालचं, 2020 चं, नियम क्रिएटिव्ह कॉमन्सवर मोकळे. अंगावर दहा जागा, त्यात काय बसेल तेवढंच न्यायचं. दमलात तर दमणुकीनेही एक जागा अडते. वार लागला की नाही याचा फासाच नाही, थेट किती लागलं ते. फार वेगवान. रात्री नऊला बसून साडेअकराला उठायचं असेल तर हेच घ्या. आमच्या मंडळींना मात्र हळू मरायला आवडतं, म्हणून ते कपाटात आहे. वहिनींनी त्यातली दहा जागांची कल्पना तेवढी उचलली, कारण गुरुजी आपल्या पात्राच्या पाठीवर शिडी, दोन पोती सोनं आणि एक मातीचा पुतळा घेऊन फिरत होते.

या उन्हाळ्यापासून आम्ही स्वतःची चोपडी करतो आहोत. वैरागडचा किल्ला इथून लांब नाही, आणि तिथल्या हिऱ्यांच्या खाणींच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या. म्हटलं, बुरुजाखाली एक खाण, अकरा खोल्या. रात्री वाट चुकवणारा चकवा वहिनींनी लिहिला, फार जमला आहे: तो काही करत नाही, फक्त नकाशा काढणाऱ्याला एक दिशा चुकीची सांगतो. नियमांची मूळ ओडीटी उघडून त्यात मराठी भरताना माझा निम्मा वेळ फॉन्टमध्ये गेला. दुकानातलं सगळं कृतिदेवमध्ये, इथे युनिकोड लागतं, आणि जाड शब्दांची पद्धत मी होल इन द ओकवरून सरळ उचलली. अडसर बाहेरूनच ठेवला आहे. या वेळी खुंटी हालत नाही, मुद्दाम.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधी वीस प्रती काढल्या. घडी घातली, पिना मारल्या, ट्रॅक्टरवाल्या भावाच्या हातात पहिली दिली. त्याने वाचलं काहीच नाही, थेट मधलं पान उघडून नकाशावर बोट फिरवलं, आणि म्हणाला, "मामा, सात नंबर दोनदा हाय. आठ कुठं गेला?"